भिंतीला श्वास दाखवणारा केरबा

आधीच कबूल करून टाकतो, मी वाढवून बोलणारा माणूस आहे. लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि तिथल्या पावसाबद्दल मी लोकांना सांगत असे की एकदा खिडकीतून मासे आत आले आणि त्यांनी पुण्याची चौकशी केली. घाटातल्या वाऱ्याने माझं अर्धं जेवण उडून खंडाळ्याच्या स्टेशन मास्तरांच्या ताटात पडलं, हेही मी शपथेवर सांगितलेलं आहे. पण केरबा ड्रेसरची गोष्ट निघाली की मी उलटा वागतो. ती मी कमी करून सांगतो. एक भाग वगळून, जशी घडली तशी एकदाच सांगितली होती, आमच्या मेव्हण्याच्या घरी. ऐकणारे सगळे पाय वर घेऊन बसले आणि मेव्हण्याने दुसऱ्या दिवशी भिंतींना चुना दिला.

केरबा वडगावच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. डॉक्टरसाहेब औषध लिहून देत, जनावर धरणं, जखम धुणं, सुई टोचणं हे सगळं केरबाच्या हातचं. दर मंगळवारी तो पत्र्याची पेटी घेऊन लोकलने लोणावळ्याला यायचा आणि आमच्या पार्सल ऑफिसाच्या ओसरीवर दुकान मांडायचा. गावाकडचे लोक बैल-म्हशींसाठी वडगावला जात. लोणावळ्याला मात्र मुंबईच्या बंगलेवाल्यांची कुत्री आणि मांजरं, म्हणून ही फेरी. उंच, वाळलेला, नाक एवढं मोठं की माणूस वळणावर दिसायच्या आधी नाक दिसे. आणि त्या नाकाला एक शाप होता. केरबाला कुत्री-मांजरं सोसत नसत. कुत्र्याचा एक केस हुंगला की शिंका सुटायच्या, हातांवर गांधी उठायच्या, छातीत भात्यासारखी घरघर सुरू व्हायची. ह्याच्या एका शिंकेने डाऊन सिग्नलचा दिवा विझला होता. (हे वाढवलेलं आहे. दिवा फडफडला फक्त.)

डॉक्टरसाहेब म्हणत, "केरबा, बदली मागून घे. हे काम तुझा जीव घेईल."

केरबा म्हणे, "कुटं जाऊ सायब? माणसांच्या दवाखान्यात? माणसांची तर मला ह्याहून लय शिंक येती."

त्याची तपासायची रीत सगळ्या जगाच्या उलटी होती. कोणी खाजवणारं कुत्रं समोर आणलं तर तो त्याच्याकडे बघायचाही नाही. विचारायचा, "झोपतं कुटं? ती जागा दाखवा." लोक चिडायचे. कुत्रं इथे आहे, दुखणं कुत्र्याला आहे, आणि हा घर कसलं बघतो? तेव्हा तो हळूच म्हणायचा, "कुत्रं पाव्हणं हाय. घर त्या मंडळींचं." पिसवा आणि गोचिड्यांना तो कधी नावाने बोलवत नसे. नेहमी 'मंडळी'. कुणाच्या घरात शिरला की आधी कोपऱ्यांकडे आणि भिंतींच्या बुडाकडे बघून मान हलवायचा, जसं काही तिथून कोणी 'या' म्हटलंय. मग मान वळवून म्हणायचा, "मंडळी उपाशी हायत." हे तो इतक्या सहजपणे म्हणे की घरधनी दारातच थांबायचा.

एकदा एका मास्तरांचं बिऱ्हाड दोन महिने गावी जाऊन परत आलं. घर बंद, मांजर शेजाऱ्यांकडे. कुलूप काढून पहिल्या खोलीत पाऊल टाकलं आणि मास्तरीणबाई किंचाळल्या. घोट्याला कोणीतरी धरलं म्हणाल्या. मग मुलीला धरलं, मास्तरांना धरलं. रिकामी खोली, दिसत काही नाही, आणि जो आत जाईल त्याचे पाय धरले जातात. गल्लीत बातमी पसरली की मास्तरांच्या मागच्या भाडेकऱ्याची बायको परत आली. केरबाने पांढरं धोतर झटकलं, आत गेला आणि खोलीच्या मधोमध उभं राहून दाणदाण पाय आपटले. मग नुसता उभा राहिला. आम्ही दारातून बघत होतो. धोतर खालून काळं होत गेलं. घोट्यापर्यंत, पिंढरीपर्यंत. पिसवा.

"कोशात बसली व्हती," तो आतूनच म्हणाला. "मांजर गेलं, माणसं गेली, तरी ही बसून राह्यली. पावलांचा हादरा बसला की कळतं, जेवण आलं."

मास्तरांना पटेना. मांजराच्या अंगावर काही दिसत नाही म्हणाले. तेव्हा केरबाने डोक्यावरची पांढरी टोपी काढली, नळाखाली ओली केली, आणि मांजराच्या पाठीवरून बारीक फणी फिरवून निघालेला काळा भुसा टोपीवर झटकला. मिरपुडीच्या कणांएवढे ठिपके. बघता बघता प्रत्येक ठिपक्याभोवती तांबडं वर्तुळ पसरलं. टोपीला आतून रक्त फुटावं तसं.

"ही पिसवांची घाण. ही तुमच्या मांजराचं रगत पिऊन हगलेली हाय, मास्तर. माती आसती तर माती ऱ्हायली आसती."

मग अंथरुणं उकळणं, फटी झाडणं, पावडर टाकणं असं सगळं त्याने करून घेतलं, आणि जाताना तीनदा बजावलं, "पावडर फटीत. मांजराच्या अंगावर न्हाई. मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटून पोटात घालतं. पिसवा ऱ्हातील आन् मांजर जाईल." त्या टोपीवरचे डाग कधी निघाले नाहीत. तीच टोपी तो घालायचा.

दुसरी एक बंगलेवाली बाई, दर हंगामाला मुंबईहून यायची. बरोबर कापसाच्या गोळ्यासारखी कुत्री, नाव ब्यूटी. ब्यूटी मुंबईहून झुपकेदार यायची आणि पंधरवड्यात शेपटीच्या मुळाशी कोंबडी सोलल्यासारखी व्हायची. बाईंची तेलं झाली, साबण झाले, अंगारे झाले. केरबाने बघितलं आणि म्हणाला, "पिसू."

"पिसवा? माझ्या ब्यूटीला? मी हिला रोज आंघोळ घालते!"

"पिसवा न्हाई म्हणलं मी, बाईसायब. पिसू. एक पुरती." आणि बाह्या वर सारून त्याने गांधी उठलेले हात पुढे केले. "हे बगा. तुमच्या कुत्रीला हात लावून एवढाच येळ झालाय. मला एक केस पुरतो. हिला एक चावा पुरतो. दुसऱ्या कुत्र्याला शंभर चावल्या तरी त्ये झोपंल. हिचं अंग आन् माझं अंग एकाच गावचं हाय."

केरबाने अर्धा तास फणी चालवली, अकरा वेळा शिंकला आणि खरोखर एक पिसू काढली. ती कुठून आली ते मात्र त्याने बाईंना सांगितलं नाही. ब्यूटीची टोपली दर वेळी पार्सल ऑफिसात तासभर ठेवली जायची, आणि आमच्या ऑफिसात एक मांजर होतं, ज्याच्यावर माझा फार जीव होता. केरबाने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मी पावतीपुस्तक उलटं धरून वाचत होतो.

आता मूळ गोष्ट.

तुंगार्लीच्या अंगाला, शेवटच्या वळणावर एक बंगला होता. मालक मुंबईचे, दिवाळीत आणि मे महिन्यात यायचे. बाकीचं वर्ष धुकं आणि भागूमावशी. मावशी वरच्या ठाकरवाडीतली, विधवा, बंगल्याची राखणदारीण. नवे पैसे चलनात नुकतेच आले होते त्या सुमाराला तिथे एक चमत्कारिक गोष्ट चालू झाली. त्या बंगल्यात कुत्रं जगत नसे. दोन वर्षांत मालकांची तीन कुत्री गेली, तिन्ही एकाच तऱ्हेने. आधी खाणं सोडायचं, हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडायच्या, मग लघवी लाल व्हायची. कोकमाच्या सरबतासारखी लाल. आणि चार-पाच दिवसांत खलास. अंगावर जखम नाही, ओरखडा नाही. रक्त कुठे जातं?

वाडीने उत्तर शोधलं. घरात राहतं कोण? भागू. कुत्र्याला खाऊ घालतं कोण? भागू. बायकांनी तिच्या हातचं पाणी बंद केलं. दूधवाला फाटकाबाहेर भांडं ठेवून निघून जाऊ लागला. मालकांच्या मुनीमजींचं पत्र आलं, हंगामानंतर दुसरा माणूस बघतो. आणि वाडीतल्या म्हादू आबांनी, जे सगळ्यांत जाणते, देवऋषी आणायचं ठरवलं. अवसेला तो नाव उच्चारणार. नाव कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाव घेतलं गेलं की भागूला शिवेपार काढणार. ना बंगला, ना वाडी.

त्या अवसेला आठ दिवस उरले असताना मंगळवारी भागूमावशी माझ्या ओसरीवर आली. खांद्यावर तिचा स्वतःचा कुत्रा, चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका. मान लोंबत होती.

"भाऊ," ती केरबाला म्हणाली, "ह्यो पण लाल मुतला. ह्यो गेला की मी बी गेले."

केरबाने त्या दिवशी घर विचारलं नाही. ओठ वर करून हिरडी पाहिली, कानाच्या कडेचा रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि मला म्हणाला, "ही काच आत्ताच्या लोकलनं सायबांकडं. तुमच्या हातानं गार्डाकडं द्या." संध्याकाळच्या गाडीने डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी आली की गोचिडीचा ताप आहे, रक्तात जंतू दिसले. सोबत औषधाची एक बाटली आणि ते कसं द्यायचं ते लिहिलेलं. त्या काळात ह्या तापावर एक निळं औषध शिरेतून देत. दौतीतल्या शाईसारखं निळं. केरबाने शिंकत, डोळे पुसत, थेंबाथेंबाने ते दिलं.

तिसऱ्या दिवशी चांद्या उठला. चौथ्या दिवशी शेपूट हलवत वाडीत गेला, आणि तिथे मोठा गहजब झाला. कारण कुत्र्याची जीभ निळी होती. हिरड्या निळ्या. डोळ्यांचं पांढरं निळं. लाल मुतून मरायला टेकलेलं कुत्रं निळं होऊन परत आलं होतं आणि धुक्यातून येऊन लोकांचे पाय चाटत होतं.

"मेलेलं उठवलं तिनं!" म्हादू आबा ओरडले म्हणे. "आता अवसंची वाट कशाला बगायची?"

निरोप कळताच केरबा, मंगळवार नसताना, रात्रीच्या गाडीने माझ्याकडे आला आणि त्याने कपाळावर हात मारला. "सगळं केलं, आन् निळं व्हतंय हे सांगायचं राह्यलं. तिला वाचवाया गेलो आन् मीच बुडवली." मी त्याला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

उजाडताच आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. धुकं इतकं दाट की मी स्वतःच्या हाताला 'कोण आहे' असं विचारलं. मागच्या अंगाला एक दगडी भिंतीची खोली, कुत्र्यांची. मेलेल्या तिन्ही कुत्र्यांचं गोणपाट तेच, जागा तीच. मालकांचा हुकूम होता, काही टाकायचं नाही. केरबा दारातच थांबला. मान हलवली नाही, 'मंडळी' म्हणाला नाही. नुसता बघत राहिला.

"मावशी, कुत्र्याच्या गोचिड्या काडता का?"

"काडते की! रोज. कानातल्या, बगलंतल्या, बोटांच्या बेचक्यातल्या. पोरागत बगते भाऊ मी."

"काडून काय करता?"

"फोडत न्हाई," ती अभिमानाने म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात रगत सांडू न्हाई. आमच्या वाडीत कुनी सांडत न्हाई." आणि ती भिंतीपाशी गेली. दोन दगडांमध्ये बोटभर भेग होती. तिने तिच्यावरून हात फिरवला. "हितं ठेवते. आत ऊब हाय. त्यांचं ते जातात कुटंतरी."

केरबाचा चेहरा मी विसरणार नाही. रक्ताने टरारलेली एक गोचीड भेगेत शिरली की हजारांनी अंडी घालते आणि मरते. पिल्लं वर्षभरसुद्धा उपाशी बसून राहू शकतात. ह्या बाईने दोन वर्षं, रोज, मायेने, एकेक करून ती भिंत भरली होती.

"का भाऊ?" तिचा आवाज खाली आला. "माझं काय चुकलं का?"

त्याने भेगेकडे बघितलं. "न्हाई मावशी. गवंड्यानं चुकवलं. भेग ठेवली."

बाहेर आल्यावर त्याने माझा दंड धरला. "तुमच्या तोंडाला दार न्हाई, ठावं हाय मला. पण ह्याला एक लावा. 'तिनंच पाळली' एवढं कुनी म्हणलं, की वाडी तिला दगडं मारून हाकलंल." ते दार मी लावलं. आज उघडतोय, कारण आता त्यातलं कोणीच उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला केरबाने म्हादू आबा, देवऋषी आणि वाडीतले तिघे खोलीच्या दाराशी उभे केले. भागूमावशी फाटकाशी, चांद्याला कवेत घेऊन. केरबाने भिंतीसमोर चार हातांवर पांढरी चादर अंथरली, सदरा काढला आणि उघड्या अंगाने मांडी घालून बसला.

"बोलू नका," म्हणाला. "आन् श्वास जरा हळू घ्या. मोठ्ठा मी घेतो."

आणि तो श्वास घेऊ लागला. चांद्याला हाताळून त्याच्या छातीची घरघर सुरूच होती. आत घ्यायचा, भिंतीकडे तोंड करून सावकाश सोडायचा. बस्स. धुकं दारातून आत येत होतं. देवऋषी हसला. म्हादू आबांनी तंबाखूला हात घातला.

मग भेगेच्या कडेला मोहरीचा एक दाणा आला. थांबला. पुढचे दोन पाय उचलून त्याने हवा चाचपली. मागून दुसरा आला. मग दहा. मग दाणे मोजायचं राहून गेलं, कारण भिंतीला घाम सुटावा तशी ती तांबूस-काळी होत गेली, सगळ्या भेगांतून, वरून, खालून, छताच्या वाशामागून. केरबाने श्वास सोडला की ती सगळी थांबून पाय उचलत. मग परत चालायला लागत. घाई नाही. आवाज नाही. सगळ्यांची तोंडं एकाच माणसाकडे. चादरीच्या कडेला एक काळी रेघ उमटली, आणि ती रेघ आत सरकू लागली.

मी खोटं बोलणारा माणूस, पण त्या रेघेला मी एक इंचही जोडलेला नाही.

"ह्यांना श्वास कळतो," केरबा हळू आवाजात म्हणाला, मान न वळवता. "बंगल्यात कुनी नसलं तरी ही आइकत बसतात. कुत्र्यांचं रगत हितं हाय, आबा. ह्यांच्यात आन् ह्यांनी दिलेल्या तापात. कुत्र्याची जीभ निळी हाय ती माझ्या औषधानं, चार आठवड्यांत उतरंल. आता घ्या नाव. बाईचं घेता का गवंड्याचं?"

देवऋषी सगळ्यांत आधी फाटकाबाहेर गेला. इतक्या वेगाने की पुढे कामशेतपर्यंत त्याला कोणी पाहिलं नाही. म्हादू आबांनी तंबाखूची पिशवी परत कनवटीला खोचली. मग फाटकाशी गेले आणि भागूमावशीला म्हणाले, "भागे, तहान लागलीया." तिने तांब्या आणला. ओतताना अर्धं पाणी आबांच्या धोतरावर. उरलेलं ते शेवटच्या थेंबापर्यंत प्याले, सगळ्यांच्या देखत.

चादर तशीच गुंडाळून उकळत्या पाण्यात गेली. गोणपाट जळालं. रेल्वेच्या फिटरकडून मी ज्वाळा फेकणारा ब्लोलॅम्प आणला, केरबाने भेगा जाळल्या, पावडर भरली, चुना-वाळूने लिंपल्या; तीन आठवड्यांनी परत, मग परत, मागाहून फुटलेल्या अंड्यांसाठी. निघताना त्याने मावशीच्या हातात रॉकेलची एक बाटली आणि एक चिमटा दिला. "मावशी, आता काडाल ती ह्यात. रगत बी सांडत न्हाई." बस्स, एवढंच बोलला. मुनीमजींना डॉक्टरसाहेबांनी पत्र लिहिलं. भागू राहिली.

पण केरबा त्या भिंतीला विसरला नाही. दर वर्षी उन्हाळा सरत आला की एक मंगळवार तो बंगल्यावर जायचा, चादर अंथरायचा आणि बसून भिंतीला श्वास दाखवायचा. कधी दोन यायच्या, कधी एक. मग कधी काहीच नाही. पेन्शनीत निघाल्यावरही यायचा. लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याला भिंतीचा नाद लागलाय. कोणी म्हणे, भिंतीला म्हाताऱ्याचा.

पवनेचं धरण भरलं त्याच्या आसपासची गोष्ट. केरबाला लोक आता आबा म्हणत. गाडीतून उतरला तेव्हा पेटी मी धरली, इतका दम लागला होता त्याला. दुपारची लोकल गेली तरी तो परतला नाही, म्हणून मी वर गेलो. धुकं त्या दिवशी लवकर उतरलं होतं. मागच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं.

पांढऱ्या चादरीवर तो उघड्या अंगाने बसला होता. बरगड्या मोजता याव्यात असा. डोक्यावर ती डागांची टोपी. श्वास आत घ्यायचा आणि तो अर्ध्यातच तुटायचा, खोकला यायचा. भिंतीपर्यंत काही पोचत नव्हतं. भिंत जशीच्या तशी, लिंपलेली, पांढरी, गप्प.

तेवढ्यात भागूमावशी आत आली. ती पण थकली होती, पण छाती डोंगरातली होती. तिने पदराने पाय पुसले, चपला दाराबाहेर ठेवाव्यात तसं काहीतरी बाजूला ठेवलं. ती बाटली होती, रॉकेलची. आणि चादरीवर त्याच्या शेजारी बसली.

"सरका आबा. तुमचा दम पुरत न्हाई आता. माझा घ्या."

"मावशी, तुमी कशाला..."

"गवंडी मीच हाय," ती म्हणाली. "पयल्या दिसापासनं ठावं हाय मला."

केरबाने तिच्याकडे पाहिलं. हाताने भिंत दाखवली, आणि थोडा बाजूला सरकला.

मग ती दोघं भिंतीकडे तोंड करून श्वास सोडू लागली. तिचा लांब, त्याचा तुटका. धुकं खोलीत येत होतं. दोघांचे डोळे भेगेच्या जागेवर, जिथे आता भेग नव्हती.

मी खिडकीबाहेर उभा होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पण तेवढा सगळा वेळ मी माझा श्वास रोखून धरला होता.